पाककृतींच्या मालकीची जुनी भांडणे

स्मरणिकेसाठी तुम्हीही काहीतरी लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह दिवाळीपासून चालू होता. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाणसामानाची यादी आणि मंडळाच्या भिशीचा हिशोब यापलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. तेव्हा भाषेत उणेदुणे असेल ते सांभाळून घ्यावे. विषय मात्र मी माझ्या मनानेच निवडला आहे. तो का निवडला, ते आधी सांगते.

आमच्या घरी फणसाची सांदणे सासूबाईंच्या हातची. बरका फणस फोडायचा, गरे चाळणीवर घासून रस काढायचा, तांदळाच्या कण्या त्यात भिजत घालायच्या, गूळ, चवीपुरते मीठ, आणि वाट्यांना तूप लावून मोदकपात्रात वाफवायची. कोकणात घरोघरी हेच चालते, त्यात नवल नाही. पण सासूबाई कण्या आधी तासभर नारळाच्या दुधात भिजवीत आणि मग रसात घालीत. त्यामुळे सांदण दुसऱ्या दिवशीही मऊ राही. शेवटी शेवटी त्यांची दृष्टी अधू झाली तेव्हा त्या ओट्यापाशी पाटावर बसून सांगत आणि मी वहीत उतरून घेई. सांदणाच्या पानावर त्यांचे एक वाक्य मी जसेच्या तसे लिहिले होते : "रस आधी चाखावा. फणस गोड असला तर गुळाला ओटीवरच बसू दे, स्वैपाकघरात बोलावू नको."

सासूबाई गेल्या. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास एका ओळखीच्या बाईंनी दोन दिवसांसाठी म्हणून ती वही नेली. परत आणून दिलीही. पुढच्या उन्हाळ्यात कोठल्याशा पाककला स्पर्धेची पुस्तिका छापून आली. तिच्यात पहिल्या बक्षिसाची कृती होती फणसाच्या सांदणाची. खाली नाव त्या बाईंचे. नारळाचे दूध होतेच. आणि शेवटच्या ओळीत गूळ ओटीवर बसलेला!

खोटे कशाला सांगू, मला रडू आले. कृतीचे एवढे नाही, पण ते बोलणे आमच्या सासूबाईंचे होते. पुस्तिका वाचताना त्यांचा आवाज कानी आला आणि खाली नाव भलतेच. चैत्राच्या हळदीकुंकवाला त्या बाई भेटल्या तेव्हा मी विचारलेच. त्या हसून म्हणाल्या, "अहो वहिनी, पाककृती काय कुणाच्या मालकीची असते? खाल्लं, आवडलं, केलं." मला काही उत्तर सुचले नाही.

माझी पुतणी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला मी हे सांगितले. ती म्हणाली, "काकू, त्या बाई अर्ध्या खऱ्या आहेत आणि अर्ध्या खोट्या." मग सुटीत ती रोज दुपारी मला इंग्रजी पुस्तकांतून वाचून त्याचा अर्थ सांगू लागली. तांदूळ निवडता निवडता मी जे ऐकले, ते तुम्हांस सांगावे म्हणून हा लेख.

हे भांडण आजचे नव्हे. इंग्लंडात १७४७ साली हॅना ग्लास नावाच्या बाईने स्वयंपाकाचे एक मोठे पुस्तक काढले. त्यावर नाव घातले नव्हते, नुसते 'एका स्त्रीकडून' असे छापले होते. हिंदुस्थानी पद्धतीच्या 'करी'ची कृती इंग्रजी पुस्तकात पहिल्यांदा आली ती ह्याच, असे म्हणतात. पुस्तक अतोनात खपले. पुढे विद्वानांनी ताडून पाहिले तेव्हा त्यातल्या तीनशेहून अधिक कृती आधीच्या पुस्तकांतून उचललेल्या निघाल्या. त्या काळी त्याचे कोणाला काही वाटत नसे. बाईचेही त्यात भले झाले नाही. १७५४ साली तिचे दिवाळे निघाले आणि पुस्तकाचा हक्क विकून टाकावा लागला.

पण मला खरी जिव्हाळ्याची वाटली ती दुसरी बाई, मराया रंडेल. ही एका शस्त्रवैद्याची बायको. नवरा १७९५ साली वारला. मुली लग्नाच्या झालेल्या, त्यांना संसार कसा करावा ते कळावे म्हणून तिने कृती आणि घरकामाच्या सूचना लिहून ठेवल्या होत्या. आपण लेकीला वही करून देतो, तशातलीच गोष्ट. साठी आली तेव्हा तिने ते बाड ओळखीतल्या एका प्रकाशकाला, जॉन मरे यांना देऊन टाकले. पैसे मागितले नाहीत, घ्यायचा विचारही नव्हता. १८०५ साल संपता संपता पुस्तक निघाले. त्यावरही नाव नाहीच, पुन्हा 'एका स्त्रीकडून'.

आणि ते पुस्तक असे खपू लागले की विचारू नका. लाखांनी प्रती गेल्या. हेच मरे पुढे बायरन कवीचे प्रकाशक म्हणून जगप्रसिद्ध झाले. पण त्यांनी लंडनात नवे मोठे घर घेतले, तेव्हा तारण म्हणून जे हक्क ठेवले त्यांत ह्या स्वयंपाकाच्या पुस्तकाचा हक्क होता! कवींचा मान मोठा खरा, पण घर उभे राहिले ते रश्श्यावर आणि लोणच्यावर. (हे वाक्य मी आमच्याकडे वाचून दाखवले तेव्हा हे म्हणाले, "सगळ्यांचीच घरं त्यावर उभी असतात.")

मरे यांनी १८०८ साली बाईंना आपण होऊन दीडशे पौंड पाठवले. बाईंना संकोच वाटला, आपण तर फुकट दिले होते, असे त्या म्हणाल्या. पण मागाहून कुरबुरी सुरू झाल्या. नव्या आवृत्त्यांत चुका राहतात, पुस्तकाकडे लक्ष नाही, अशा त्यांच्या तक्रारी. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे पुस्तकाचा हक्क पहिली चौदा वर्षे चाले आणि लेखक हयात असला तर नंतरचा हक्क पुन्हा त्याच्याकडे येई. १८१९ साली चौदा वर्षे भरली. बाई त्या वेळी त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी मरे यांस कळवले की आता पुस्तक माझे, मी ते दुसऱ्या प्रकाशकाकडे नेणार.

मरे ऐकतात कसले! दोन्ही बाजू कोर्टात गेल्या आणि दोघांनीही एकमेकांना मनाई मागितली. १८२१ साली प्रकरण इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या न्यायाधीशापुढे, लॉर्ड एल्डन यांच्यापुढे उभे राहिले. त्यांनी बाईंना मनाई हुकूम दिला नाही. कारण काय, तर इतकी वर्षे तुम्ही त्यांना छापू दिलेत, हरकत घेतली नाहीत, मग आता एकदम थांबवा असे आम्ही कसे म्हणावे? हक्क कोणाचा ते दुसऱ्या कोर्टात ठरवून घ्या. अखेर १८२३ साली तडजोड झाली. मरे यांनी दोन हजार पौंडांच्या आसपास रक्कम दिली आणि बाईंनी हक्क सोडला. पाच वर्षांनी, १८२८ साली, त्या परदेशात स्वित्झर्लंडात वारल्या.

ह्या गोष्टीत मला दोन गोष्टी टोचल्या. एक म्हणजे 'तुम्ही इतकी वर्षे गप्प होता' हे उत्तर. बायकांना ते फार ओळखीचे आहे. आणि दुसरी पुतणीने सांगितली ती. त्या काळी तिकडे लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याची समजत. हा कायदा पुरता बदलला तो १८८२ साली. रंडेलबाई विधवा होत्या म्हणून स्वतःच्या नावाने भांडू तरी शकल्या. सवाष्ण असत्या तर तेही नाही. हे ऐकून माझ्या हातातले सूप तसेच राहिले.

त्यानंतरची बाई एलायझा ॲक्टन. ही आधी कविता करी. १८४५ साली तिचे स्वयंपाकाचे पुस्तक निघाले. प्रत्येक कृतीच्या शेवटी काय किती घ्यायचे आणि शिजायला वेळ किती, हे वेगळे काढून लिहिण्याची चाल तिने पाडली. त्याआधी सगळे एकातच गुंतलेले असे. अर्धा पदार्थ झाल्यावर कळायचे की अंडी तर आणलीच नाहीत! दहा वर्षांनी तिने नवी आवृत्ती काढली तेव्हा प्रस्तावनेत स्पष्ट तक्रार केली की माझ्या कृती लोक नाव न घेता उचलतात, आणि स्वतःच्या कृतींवर 'ही लेखिकेची स्वतःची' अशी खूण घातली. काही उपयोग झाला नाही. ती १८५९ साली वारली आणि १८६१ साली मिसेस बीटन यांचे जाडजूड पुस्तक आले. त्यात ॲक्टनबाईंच्या कितीतरी कृती होत्या, नाव मात्र नव्हते. आणि कृतीत जिनसा वेगळ्या काढून लिहिण्याची जी युक्ती ॲक्टनबाईंची, तिचे श्रेय पुष्कळ वर्षे मिसेस बीटन यांनाच मिळाले. मिसेस बीटनही बिचारी अठ्ठाविसाव्या वर्षी, १८६५ साली, बाळंतपणात गेली. तिला तरी काय दोष द्यावा? संपादन हे तिचे काम होते, आणि तशी रीतच होती.

आपल्याकडे पाहू गेल्यास मराठीतले स्वयंपाकाचे जुने छापील पुस्तक म्हणजे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र', १८७५ सालचे. लिहिणारा पुरुष, हे ध्यानात घ्यावे. त्यांनी त्या कृती कोणाच्या चुलीपाशी बसून घेतल्या असतील, ह्याचा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे हजार पाकक्रियांचे 'गृहिणी-मित्र' आले आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा'. 'रुचिरा' आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी असेलच, हळदीच्या डागांसकट. कमलाबाईंचे शाळेतले शिक्षण माझ्याहूनही कमी होते, असे ऐकून मला धीर आला. त्यांनी वाटी-चमच्याचे माप दिले आणि नव्या सुनांचे काम सोपे करून टाकले. आता 'रुचिरा'तली चकली मी केली आणि माझ्या लेकीला शिकवली तर ती चोरी का? कोणी म्हणणार नाही. पण 'रुचिरा'चे पान जसेच्या तसे छापून खाली माझे नाव घातले तर?

येथेच कायद्याची मेख आहे. आपल्या देशात लेखनहक्काचा कायदा १९५७ साली झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे हक्क असतो तो लिहिलेल्या शब्दांना. कल्पनेला, युक्तीला, करण्याच्या रीतीला नाही. १९७८ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने हे एका नाटकाच्या खटल्यात बजावून सांगितले. 'हम हिंदुस्तानी' नाटकाचे लेखक म्हणत होते की 'न्यू दिल्ली' हा चित्रपट माझ्या नाटकावरून उचलला. कोर्टाने सांगितले, कल्पना सारखी असेल, पण मांडणी निराळी आहे, आणि कल्पनेवर कोणाची मालकी नसते. लेखक हरले.

अमेरिकेत तर खास पाककृतींवरच खटला झाला. दह्याच्या पदार्थांचे एक पुस्तक मेरेडिथ नावाच्या कंपनीने काढले होते. त्यातल्या कृती दुसऱ्या कंपनीने आपल्या मासिकांत छापल्या. १९९६ साली शिकागोच्या अपील कोर्टाने निकाल दिला की अमुक जिन्नस इतका घ्या, तमुक तितका, ढवळा आणि भाजा, एवढ्यावर लेखनहक्क लागत नाही. ती नुसती कामाची माहिती आहे. पण त्यातच असेही म्हटले की कृतीभोवती लिहिणाऱ्याने स्वतःचे काही गुंफले असेल, आठवण, वर्णन, वाढण्याविषयीची सूचना, तर त्याची गोष्ट निराळी.

हे पुतणीने वाचले आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. म्हणजे फणसाचा रस, कण्या, नारळाचे दूध हे त्या बाईंनी घेतले तर कायद्याने त्यांचा काही गुन्हा नाही. गूळ ओटीवर बसला, तो मात्र आमच्या सासूबाईंचा!

मालकीचा आणखी एक प्रकार आहे, गावाचा आणि प्रांताचा. १९९९ साली आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला आणि २००३ पासून तो चालू झाला. त्याचे दप्तर चेन्नईस आहे. रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशा यांचे केवढे वाजले ते वर्तमानपत्रांतून तुम्ही वाचलेच असेल. बंगाली म्हणतात, कलकत्त्याच्या बागबाजारातल्या नवीनचंद्र दास यांनी तो १८६८ साली केला. ओडिशाचे लोक म्हणतात, रथयात्रा आटोपून जगन्नाथ मंदिरात परत येतात तेव्हा रुसलेल्या लक्ष्मीची समजूत काढायला ते रसगुल्ला देतात, ही आमची फार जुनी चाल आहे. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या रसगुल्ल्यास मानांकन मिळाले, आणि २९ जुलै २०१९ रोजी ओडिशाच्या रसगुल्ल्यासही. एक पांढराशुभ्र आणि दाबला तर परत फुगणारा, दुसरा तांबूस आणि जिभेवर विरघळणारा. दोन्ही लेकरांना दोन नावे देऊन घरातले भांडण मिटवावे, तसे झाले. ह्यात कृतीवर कुलूप नाही बरे का. रसगुल्ला तुम्ही घरी खुशाल करा. फक्त बाजारात 'बांगलार रसोगोल्ला' हे नाव ज्याला त्याला लावता येत नाही, एवढेच. आपल्या कोकणच्या हापूसला हे मानांकन २०१८ साली मिळाले, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला त्याच्या आधी दोन वर्षे. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये आणि बेबिंकाला २०२३ मध्ये.

सांदणाला असे मानांकन मागायचे झाले तर कोणी मागावे, असा विषय एकदा घरी निघाला. तेव्हा आमच्या मोठ्या वन्सं माहेरपणाला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आईनं ते नारळाच्या दुधाचं शिकलं कुणाकडनं, ठाऊक आहे का तुला? मागच्या आळीतल्या चाचीकडनं." मला ठाऊक नव्हते. अठरा-एकोणीस वर्षे ती सांदणे केली, पण विचारावे असे सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चाचीकडे गेले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढचे. कोकणी मुसलमानांकडे सांदणे होतात ती तांदळाची आणि नारळाची, पांढरी, ईदेला आणि लग्नकार्यात. फणस त्यात नसतो. चाचींनी सांगितले, "तुझी सासू नवी आलेली, तिची सांदणं दगडासारखी व्हायची. रडत आली माझ्याकडे. मी म्हटलं, कणी नारळाच्या दुधात भिजव, पोरी." आणि त्या स्वतः हे शिकल्या त्यांच्या माहेरी, दापोलीकडे, आजीजवळ. मी मुद्दाम गुळाचे विचारले. ते ओटीवर बसवायचे बोलणे तुमचेच का? चाची हसायलाच लागल्या. "आम्ही गूळ घालतोच कुठं? आमची साखरेची. ते तुझ्या सासूचंच. तिचं तोंड असलंच होतं."

घरी येताना मला बरेही वाटत होते आणि थोडी लाजही वाटत होती. त्या बाईंवर मी रागावले होते ते नाव न घेतल्याबद्दल. आणि आमच्या घरी इतकी वर्षे पाहुण्यांना 'ही आमच्या घराण्याची खास रीत' म्हणून वाढताना चाचींचे नाव आम्ही एकदा तरी घेतले होते का? सासूबाईंनी माझ्यापाशीही ते कधी काढले नाही. संकोच असेल, किंवा विसरल्या असतील. असो.

मंडळाच्या माघ महिन्याच्या सभेत मी हे सगळे सांगितले. स्मरणिकेत पाककृतींची पाने द्यायचे ठरलेच होते. बराच वेळ चर्चा झाली. नाव घालावे की मंडळाच्या नावाने सगळ्या एकत्र छापाव्यात? एकीचे म्हणणे पडले की नावे घातली की मानपान आले आणि भांडणे आली. ते काही खोटे नव्हे. पण शेवटी बहुमताने ठरले की प्रत्येक कृतीखाली दोन ओळी द्यायच्या. एक, लिहून देणारीचे नाव. दुसरी, 'कोणाकडून शिकले'. आणि लिहिताना शब्द आपापले असावेत, दुसऱ्या पुस्तकातून उतरवू नयेत.

दुसरी ओळ भरताना मोठी गंमत झाली. एकीची पुरणपोळी धारवाडच्या शेजारणीची निघाली, एकीचे लोणचे नवऱ्याच्या कचेरीतल्या शिपायाच्या आईचे. सदतीस कृती आल्या, त्यांपैकी नुसते 'स्वतःची' असे दोघींनीच लिहिले. त्यातली एक मिक्सरमधल्या झटपट चटणीची.

त्या ओळखीच्या बाईंनीही एक कृती दिली आहे, काजूच्या उसळीची. चांगली आहे, मी करून पाहिली. दुसरी ओळ त्यांनी कोरी ठेवली होती. कागद गोळा करण्याचे काम माझ्याकडे, म्हणून मी तो घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी कागद हातात घेतला, थोडा वेळ तशाच बसल्या, आणि आपल्या थोरल्या जाऊबाईंचे नाव लिहिले. मग चहा ठेवला. सांदणाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

फणसाच्या सांदणाची कृती मी लिहिली आहे, ती पुढे पाककृतींच्या पानांत सापडेल. तिच्याखाली सासूबाईंचे नाव आहे आणि चाचींचेही. चाचींना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या नातवाने त्यांना ते पान छापायला जाण्याआधी वाचून दाखवले. माप त्यांनी एके ठिकाणी दुरुस्त करून दिले : चार वाट्या रसाला दोन वाट्या कण्या जास्त होतात, पावणेदोन घ्याव्यात. त्याप्रमाणे बदल केला आहे.